सवाई माधवरावांची तसबीर : व्यक्तिचित्र कसें वाचावें?

(नभोवाणीवरील भाषण)

चित्राविषयीं नभोवाणीवरून बोलणें म्हणजे अत्तराचें वर्णन पत्रांतून करण्यासारखें आहे, असें कोणी म्हणेल. आणि तें अगदींच खोटें नाहीं. तुमच्यासमोर चित्र नाहीं आणि माझ्याजवळ शब्दांवांचून दुसरें साधन नाहीं. तरीहि हा विषय मीं मुद्दाम निवडला आहे. ज्या चित्राविषयीं मी बोलणार आहें, त्याच्या बऱ्यावाईट नकला आपल्यापैकीं पुष्कळांनीं इतिहासाच्या पुस्तकांत पाहिल्या असतील. पाहिल्या असतील, परंतु वाचल्या असतील असें नाहीं. पत्र जसें वाचावें लागतें तशी तसबीरहि वाचावी लागते, एवढेंच मला आज सांगावयाचें आहे.

आपल्या गोंदिया जिल्ह्यांत तसबिरींची वाण नाहीं. भंडारा जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजीं. परंतु येथील वाडे त्याहून फार जुने. कामठा, आमगांव यांसारखीं जमीनदारीचीं ठिकाणें घ्या, अथवा धानाच्या बांध्यांनीं वेढलेल्या एखाद्या लहान गांवांतील मालगुजाराचा वाडा घ्या. अशा जुन्या घरांच्या दिवाणखान्यांत वाडवडिलांची एखादी तसबीर बहुधा आढळते. डोक्यावर पगडी किंवा फेटा, खांद्यावर शेला, हातांत काठी, शेजारीं तिपाईवर घड्याळ नाहीं तर एखादें जाड पुस्तक. कांहीं तसबिरी तैलरंगांतील, कांहीं छायाचित्रावर रंग चढविलेल्या. सणावारीं त्यांना हार घातला जातो, धूळ झटकली जाते. पण घटकाभर समोर उभें राहून त्यांच्याकडे पाहणारा मनुष्य विरळा. हे आमचे पणजोबा, एवढें सांगून यजमान पुढें चालूं लागतात. पणजोबांनीं स्वतःला असेंच कां काढून घेतलें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

हा प्रश्न कसा विचारावा, याचा धडा घेण्यासाठीं आपण पुण्याच्या पेशव्यांची एक तसबीर पाहूं. जेम्स वेल्स नांवाच्या स्कॉटिश चित्रकारानें इ. स. १७९२ मध्यें काढलेलें सवाई माधवराव पेशव्यांचें हें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहे. पेशवे बसलेले आहेत. त्यांच्या सन्निध नाना फडणीस बसले आहेत. सेवक उभे आहेत. वरवर पाहतां इतकेंच. आतां यांतील प्रत्येक शब्दाकडे पुन्हां एकवार वळूं.

प्रथम, ही माणसें कोण? सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर झाला. त्यांचे वडील नारायणराव यांचा खून त्यापूर्वींच, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत झाला होता. त्यामुळें हें मूल जन्मल्यानंतर चाळिसाव्या दिवशींच पेशवा झालें, आणि त्याच्या नांवानें राज्य चालविण्याचा भार बारभाईंवर, व पुढें मुख्यतः नानांवर, पडला. चित्र काढलें त्या वर्षीं पेशवे अठरा वर्षांचे होते आणि नाना पन्नास वर्षांचे. एकाजवळ पद होतें. दुसऱ्याजवळ अनुभव, माणसें आणि कागद होते. अशा दोघांना एकाच चौकटींत बसवावयाचें, ही चित्रकारापुढील पहिली अडचण.

दुसरें, चित्रकार तेथें आला कसा? पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचा वकील म्हणून चार्ल्स मॅलेट होता. टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम यांची जूट १७९० सालीं झाली, तींत त्याचा मोठा हात होता. वेल्स १७९१ सालीं मुंबईस आला आणि मॅलेटच्या आश्रयानें त्याला पुण्याच्या दरबारीं प्रवेश मिळाला. त्यानें पेशव्यांचें चित्र काढलें, नानांचें काढलें, महादजी शिंद्यांचेंहि काढलें. शनिवारवाड्यांत एक चित्रशाळा निघाली आणि गंगाराम तांबट यासारख्या हुषार मराठी कारागिरानें तेथें नव्या पद्धतीचें शिक्षण घेतलें. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें आणि वेरूळच्या लेण्यांचें गंगारामानें केलेलें रेखाटन आजहि जाणकार आवडीनें पाहतात. सारांश, ही तसबीर एका मैत्रीच्या, निदान एका राजकारणाच्या, वातावरणांत जन्मली. ज्याची तसबीर तो, काढणारा तो, आणि ज्याच्या खटपटीनें ती निघाली तो, असे तीन पक्ष तिच्या मागें आहेत. पत्रावर सही एकाची असली तरी मसुदा दुसऱ्याचा असूं शकतो. तसबिरीचेंहि तसेंच आहे.

आतां प्रत्यक्ष चित्राकडे येऊं. पहिली गोष्ट बैठकीची. त्या काळच्या युरोपांत थोर पुरुषाचें चित्र म्हणजे बहुधा उभा पुरुष, मागें खांब, वरून लोंबणारा मखमली पडदा, पुढें केलेला एक पाय. फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचें रिगोनें १७०१ सालीं काढलेलें चित्र या पद्धतीचा नमुना म्हणून सांगतात. साठी ओलांडलेल्या त्या राजाचे पाय चित्रांत एखाद्या तरुण नर्तकाचे दिसतात! वेल्स या परंपरेंतला. परंतु पुण्यांत ती त्याला जशीच्या तशी वापरतां येणार नव्हती. मराठी दरबारांत थोर पुरुष उभा राहत नाहीं, तो बसतो. उभे राहतात ते इतर. मान आसनाला आहे. तेव्हां खांब आणि पाऊल यांनीं जें सांगावयाचें तें त्याला मांडी आणि बैठक यांनीं सांगावें लागलें. यांत एक व्यावहारिक पेंचहि आहे. जमिनीवर बसलेल्या माणसाकडे उभ्यानें पाहिलें कीं तो खुजा दिसतो, त्याच्या डोक्याचाच भाग अधिक दिसतो. त्याची प्रतिष्ठा राखावयाची तर चित्रकारानें आपली नजर त्याच्या पातळीवर आणली पाहिजे. म्हणजे येथें परक्या चित्रकाराला आपली बैठक बदलावी लागली आहे. चित्राच्या शैलीवर इंग्रजी विद्येचा ठसा आहे. बसण्याचा शिरस्ता मात्र पुण्याचाच.

बसणें आणि उभें राहणें यांनीं चित्रांत तीन पायऱ्या तयार झाल्या आहेत. पेशवे बसले आहेत, सेवक उभे आहेत. या दोन पायऱ्या कोणत्याहि दरबारी चित्रांत सांपडतील. तिसरी पायरी नानांची. तेहि बसले आहेत! धन्यासमोर बसण्याचा मान असणें, आणि तोहि धन्याच्या स्वतःच्या तसबिरींत, ही लहान गोष्ट नाहीं. पण या जवळिकीचा अर्थ एकच निघतो असें समजूं नका. हा राजाचा आधार आहे, असें एकजण म्हणेल. हा राजाचा पहारा आहे, असें दुसरा म्हणेल. चित्र दोघांनाहि होकार देत नाहीं. तें केवळ इतकेंच नोंदवितें कीं १७९२ सालीं पेशव्यांचें चित्र नानांसह काढणें संबंधितांना योग्य वाटलें.

आणि १७९२ हें सालहि लक्षांत ठेवण्यासारखें आहे. याच वर्षीं महादजी शिंदे उत्तरेंतून पुण्यास आले. बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकीचीं वस्त्रें त्यांनीं जूनमध्यें मोठा समारंभ करून पेशव्यांना अर्पण केलीं. तरुण पेशव्यांचें मन आपल्याकडे वळावें असा महादजींचा प्रयत्न होता आणि नाना त्यामुळें सचिंत होते, हें त्या काळच्या पत्रव्यवहारांतून दिसतें. पेशव्यांच्या सन्निध कोण बसणार, हा त्या वर्षीं पुण्यांतील सर्वांत नाजूक प्रश्न होता. त्या प्रश्नाच्या काळांत निघालेल्या तसबिरींत पेशव्यांच्या सन्निध नाना आहेत. ही गोष्ट योजून झाली कीं सहज झाली, हें रंगांवरून ठरवितां येत नाहीं. परंतु ती साल ठाऊक असलेल्या प्रेक्षकाच्या नजरेंतून सुटूं नये.

दुसरी गोष्ट चेहऱ्याची. आपल्याकडील जुन्या दरबारी चित्रांत चेहरा बहुधा एका बाजूनें दाखवीत. नाकाची रेघ, कपाळाची रेघ, एकच डोळा. याला एकचश्म चित्र म्हणतात. त्या पद्धतींत मनुष्य नाण्यावरच्या मुद्रेसारखा शांत व दूर राहतो. तो आपल्याकडे पाहत नाहीं, आपण त्याच्याकडे पाहावयाचें. वेल्सनें चेहरा किंचित वळता ठेवून एका बाजूवर प्रकाश व दुसरीवर छाया घातली. त्याबरोबर गालाला गोलाई आली, डोळ्यांच्या खोबणी दिसूं लागल्या, ओठांच्या कोपऱ्यांत कांहीं भाव आहेसा वाटूं लागला. एकचश्म चित्र सांगतें, हा अमुक पदावरचा पुरुष आहे. छायाप्रकाशाचें चित्र सुचवितें कीं या पुरुषाला मनहि आहे. या नव्या पद्धतीची मोहिनी तेथेंच आहे आणि तिचा धोकाहि तेथेंच आहे. त्या धोक्याकडे मी पुढें वळणार आहें.

तिसरी गोष्ट वस्त्रांची. पुणें दरबारच्या या काळच्या चित्रांत पांढऱ्या, तलम कापडाचें राज्य आहे. तैलरंगांत पांढरें वस्त्र रंगविणें हें सोपें काम नव्हे. नुसता पांढरा रंग फासला तर कापड चुन्याच्या भिंतीसारखें दिसतें. घडींच्या पोटांत करडी किंवा निळसर झांक, कडेला पिवळसर उजेड, आणि जेथें कापड अंगाला चिकटतें तेथें खालच्या कातडीचा किंचित तांबूस रंग, असें तीनचार रंगांचें मिश्रण करावें तेव्हां कोठें पाहणाऱ्याला पांढरें मलमल दिसतें. मोत्यांचेंहि असेंच. प्रत्येक मोती करड्या रंगाचा एक ठिपका असतो; त्यावर शुभ्र रंगाचा एक बारीक बिंदु टेकविला कीं तो पाणीदार होतो. तैलरंग सावकाश सुकतो, म्हणून चित्रकाराला पुन्हां पुन्हां हात फिरवितां येतो. कागदावरील जुन्या जलरंगी चित्रांत दागिना नक्षी म्हणून दिसतो. येथें तो वजनदार, थंड पदार्थ म्हणून दिसतो.

आतां हा दागिन्यांचा भार कोणाच्या अंगावर आहे तें पाहा. तो अठरा वर्षांच्या पेशव्यांच्या अंगावर आहे. पन्नास वर्षांचे नाना त्या मानानें साधे. त्यांचा उभट, सडपातळ चेहरा, लांब सरळ नाक आणि मिटलेले ओठ हेच त्यांचे अलंकार. आपण म्हणूं कीं वय आणि स्वभाव यांचा हा भेद आहे. तो असेलहि. पण त्यांत दरबारची रीतहि आहे. कारभाऱ्यानें धन्याहून अधिक झगमगूं नये, हा शहाणपणाचा नियम आहे. सर्व सत्ता हातीं असलेला मनुष्य जेव्हां साधा पोषाख करतो तेव्हां त्या साधेपणालाहि एक भाषा असते. इटलींतील राफाएल या थोर चित्रकारानें बाल्दासारे कास्तिल्योने नांवाच्या एका सरदाराचें चित्र सुमारें १५१५ सालीं काढलें; तें पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. त्यांत काळा, करडा आणि पांढरा याखेरीज जवळजवळ रंग नाहींत. हा सरदार उत्तम दरबारी पुरुषाचीं लक्षणें सांगणारा ग्रंथकार होता, आणि न भपकणें हें त्यानें सांगितलेल्या कलेचें मर्म होतें. पुण्याच्या कारभाऱ्याला हें पुस्तक ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु हें मर्म त्याला ठाऊक होतें.

चौथी गोष्ट, उभ्या असलेल्या माणसांची. व्यक्तिचित्र पाहतांना आपण त्यांच्यावरून नजर फिरवून पुढें जातों. पेशव्यांचें नांव कळतें, नानांचें कळतें. उभ्या असलेल्यांचा उल्लेख सेवक असा होतो. वेल्सनें मात्र त्यांनाहि समोर पाहून रंगविलें. त्यांच्याहि कपाळावर त्यानें तोच प्रकाश पाडला. चित्रकाराच्या कुंचल्यानें जितका मान दिला तितका नोंदवहीनें दिला नाहीं. तसबीर वाचतांना हा प्रश्न नेहमीं विचारावा कीं येथें कोणाला नांव आहे आणि कोणाला नाहीं.

आतां त्या धोक्याकडे येतों. सवाई माधवरावांचा शेवट आपणां सर्वांना ठाऊक आहे. १७९५ च्या मार्चमध्यें खर्ड्याचा विजय झाला आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शनिवारवाड्यांतील माडीवरून ते खालीं कारंज्यावर पडले. दोन दिवसांनीं, २७ ऑक्टोबर रोजीं, त्यांचा अंत झाला. ती आत्महत्या कीं अपघात, यावर इतिहासकारांत एकमत झालेलें नाहीं. नानांच्या कडक शिस्तीनें मुलाचें मन कोमेजलें, असें एक मत फार लोकप्रिय आहे. नाटककारांनाहि या विषयानें मोह घातला. हें सर्व डोक्यांत ठेवून आपण तसबिरीकडे पाहतों आणि लगेच म्हणतों, पाहा, या मुलाच्या डोळ्यांत किती उदासी आहे! पाहा, तो म्हातारा कसा त्याच्यावर नजर ठेवून आहे!

श्रोतेहो, ही उदासी कोठून आली? १७९२ सालीं वेल्सला १७९५ ची वार्ता कशी असणार? तरुण मनुष्य तासन् तास न हलतां बसला म्हणजे कंटाळतो, पापण्या जड होतात, ओठ सैल पडतात. अनेक व्यक्तिचित्रांतील गांभीर्याचें मूळ यापलीकडे नसतें. चेहऱ्यावर छाया घालणाऱ्या पद्धतींत भाव सुचविण्याची शक्ति आहे, म्हणूनच पाहणाऱ्याला आपल्या मनांतला भाव त्यांत ओतण्याची सोयहि आहे. एकचश्म चित्र आपल्याला असा मोह घालीत नाहीं. जें आपल्याला नंतर कळलें तें आपण चित्रकाराच्या कुंचल्यानें लिहिलें असें समजतों, आणि मग त्याच चित्राला पुराव्यादाखल पुढें करतों. अशानें नानांवर अन्याय होतो, आणि त्या तरुण पेशव्यावरहि होतो. ज्याच्यासमोर सारें आयुष्य होतें, ज्याला आपल्या शिकारखान्यांतील जनावरांची आणि चित्रांची हौस होती, असा अठरा वर्षांचा मुलगा आपण त्याच्या तसबिरींतून पुसून टाकतों, आणि त्याच्या जागीं एक ठरलेली शोकांतिका टांगतों.

मग तसबिरीचा इतिहासाला उपयोग नाहीं काय? आहे, फार आहे. फक्त तिला जें विचारावयाचें तें विचारावें. पोषाख कसा होता, बसत कसे, कोण कोणाजवळ बसे, कोणता दागिना कोठें घालीत, हें ती स्वच्छ सांगते. एखाद्याच्या मनांत काय होतें, हें मात्र तिला विचारूं नये. या बाबतींत दुसरें एक चित्र आठवतें. मॅलेट पेशव्यांना १७९० च्या तहाचा कागद देत आहे, असा शनिवारवाड्यांतील दरबाराचा भव्य देखावा टॉमस डॅनियल यानें रंगविला. तो १८०५ सालीं पुरा झाला आणि आज लंडनच्या टेट संग्रहालयांत आहे. डॅनियल त्या दरबारास हजर नव्हता. वेल्स नोव्हेंबर १७९५ मध्यें, म्हणजे पेशव्यांच्या मागोमाग, ठाण्यास वारला. त्याचीं टिपणें व रेखाटनें मॅलेटजवळ आलीं आणि त्यांवरून डॅनियलनें चित्र सजविलें. पुढें मॅलेटनें वेल्सच्या मुलीशीं विवाहहि केला. तेव्हां हें चित्र म्हणजे पंधरा वर्षांनंतर, दुसऱ्याच्या टिपणांवरून, एका पक्षाच्या इच्छेनें लिहिलेली बखर आहे. तरीहि शनिवारवाडा १८२८ च्या फेब्रुवारींत जळून गेल्यावर, आंतील महालांचे खांब, कमानी आणि बैठकीची मांडणी यांची कल्पना येण्यास अशा चित्रांचा आधार शोधावा लागतो. पक्षपाती साक्षीदारहि खांब किती होते हें बहुधा खरें सांगतो!

आतां आपण पुण्याहून आपल्या गांवीं परत येऊं. पेशव्यांच्या तसबिरीला जे प्रश्न विचारले तेच आपल्या दिवाणखान्यांतील तसबिरीला विचारून पाहा. पणजोबा बसले आहेत कीं उभे? वेल्सच्या पेशव्यांनीं जमिनीवरची बैठक सोडली नाहीं. आपले पणजोबा खुर्चीवर बसले असतील, तर ती खुर्ची इंग्रजी अमलाची खूण आहे. हातांत तलवार आहे, काठी आहे, कीं पुस्तक? तलवार असेल तर घराण्याला भोसल्यांच्या काळची चाकरी आठवावयाची आहे. पुस्तक असेल तर नव्या विद्येचा मान मिरवावयाचा आहे. घड्याळाचा कांटा किती वाजल्याचें दाखवितो यापेक्षां, घड्याळ दाखवावेसें वाटलें हीच गोष्ट महत्त्वाची. शेजारीं मुलगा उभा असेल तर कोणता? थोरला, कीं दत्तक घेतलेला? आणि मागच्या बाजूस कोणी उभा असेल तर त्याचें नांव कोणाला सांगतां येतें काय?

आणि चित्रांत काय नाहीं, हेंहि पाहा. आपल्या भागांतील मालगुजारांची खरी कीर्ति पगडींत किंवा घड्याळांत नव्हती, ती तलावांत होती. भंडारा-गोंदियाचे जुने तलाव बांधण्यांत कोहळी समाजाचें कौशल्य विख्यात आहे; नवेगांवबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला अशी परंपरा सांगतात. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली, तरी ते तलाव माजी मालगुजारी तलाव, म्हणजे लोकांच्या तोंडीं मामा तलाव, या नांवानें आजहि धानाला पाणी देतात. परंतु तसबिरीच्या चौकटींत तलाव सहसा नसतो. तो खोदणारे हात तर नसतातच. ज्या गोष्टीनें गांव जगलें ती बाहेर राहिली आणि तिपाईवरचें घड्याळ आंत आलें. यांत त्या पुरुषाचा दोष नाहीं. तसबिरीचे संकेत परगांवाहून आले होते आणि त्यांत पाळीसाठीं जागा नव्हती. पण आपण वाचतांना ती पाळ ध्यानांत ठेवावी.

शेवटीं एक व्यवहाराची गोष्ट. वाडे पडत आहेत, भाऊबंद शहरांत गेले आहेत, आणि तसबिरी माळ्यावर किंवा जुन्या बाजारांत जात आहेत. नांव हरवलेली तसबीर म्हणजे पत्ता पुसलेलें पत्र. म्हणून घरांतील वडीलधारी मंडळी आहेत तोंवर त्यांना विचारून घ्या, आणि कोण, कोठला, सुमारें कोणत्या सालचा, चित्र कोणी काढलें, हें एका कागदावर लिहून तो चौकटीच्या मागें लावा. चित्राच्या कापडावर मात्र लिहूं नका. मागची बाजू पाहिल्यावांचून जुनी चौकट बदलूं नका. चित्रकाराचें किंवा छायाचित्रकाराचें नांव पुष्कळदां तेथेंच असतें. तैलचित्र ओल्या फडक्यानें पुसूं नका, त्यावर तेल चोळूं नका. पावसाळ्यांत ओल धरणाऱ्या भिंतीपासून आणि चुलीच्या धुरापासून तें दूर ठेवा. चौकट व भिंत यांमध्यें थोडी हवा खेळूं द्या. आणि कोणी रंग ताजे करून देतों असें म्हणाला तर त्याला नम्रपणें परत पाठवा. त्याचे रंग ताजे होतील, पण पणजोबांचा चेहरा त्याखालीं गाडला जाईल. हातांतल्या दूरध्वनीनेंहि आज चांगलें छायाचित्र घेतां येतें; पुढचें आणि मागचें, दोन्ही घेऊन ठेवा.

नाना फडणिसांनीं कागद जपले. वाईजवळच्या मेणवलीच्या त्यांच्या दप्तरामुळें आज पेशवाईचा पुष्कळसा इतिहास आपल्याला लिहितां येतो. आपल्या जिल्ह्यांतील वाड्यांचें दप्तर कोठें आहे, कोठें वाळवीनें खाल्लें. पण भिंतीवर जो कागद किंवा जें कापड अजून टांगलेलें आहे, तेंहि दप्तरच आहे. आज संध्याकाळीं घरांतल्या मुलांना घेऊन त्यापुढें पांच मिनिटें उभे राहा आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारूं द्या.